मुंबईच्या टोळ्या आणि त्यांचे बोलपट

जव्हार तालुक्यातील जामसर या डोंगरी गावी राहणाऱ्या एका निवृत्त शाळामास्तराने मुंबईच्या गुन्हेगार टोळ्यांविषयी आणि त्यांच्यावर निघालेल्या बोलपटांविषयी आपणांपुढे बोलावे, हे प्रथमदर्शनी काहीसे विचित्र वाटेल. मी मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाही. पोलीसखात्याशी माझा संबंध जनगणनेच्या व निवडणुकीच्या कामापुरता आला, आणि चित्रपट तर मी आयुष्यात मोजकेच पाहिले. तथापि इतिहास हा विषय मी तीस-पस्तीस वर्षे शिकविला आहे, आणि आज जी गोष्ट सांगावयाची आहे ती मुंबईपुरती नाही, असे माझे मत बनले आहे. तिची मुळे जितकी डोंगरीत व भायखळ्यात आहेत तितकीच आमच्या मोहाच्या झाडाखाली आहेत.

आरंभ परदेशातून करू. मारिओ पुझो या लेखकाची ‘द गॉडफादर’ ही कादंबरी १९६९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरून फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी १९७२ साली चित्रपट काढला, दुसरा भाग १९७४ साली आणि तिसरा १९९० साली आला. पहिल्या दोन्ही भागांस त्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. नायकाची भूमिका करणाऱ्या मार्लन ब्रँडो यांनी मात्र आपले पारितोषिक घेण्याचे नाकारले. अमेरिकेतील आदिवासींचे जे विकृत चित्र तेथील बोलपटांतून रंगविले जाते, त्याचा निषेध म्हणून त्यांनी तसे केले. आदिवासी मुलांना शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाला ही हकीकत ऐकून त्या नटाविषयी आदर वाटला, हे येथे सांगून टाकतो.

या चित्रमालिकेतील मूळ पुरुष व्हितो हा सिसिली बेटावरील कोर्लिओने या गावचा. बाप, भाऊ व आई यांचा खून झालेले हे पोर १९०१ साली अमेरिकेच्या बंदरावर उतरते आणि तेथील कारकून त्याच्या नावापुढे आडनावाऐवजी गावाचेच नाव लिहून मोकळा होतो. शाळेच्या पटावर नावे घालण्याचे काम ज्याने केले आहे त्याला यात नवल वाटणार नाही. आमच्याकडेही कित्येकांची जन्मतारीख एक जून ही मास्तराच्या लेखणीतून उतरलेली आहे! असो.

पहिल्या भागाचा आरंभ एका लग्नाने होतो. काळ १९४५ सालचा. डॉन व्हितो कोर्लिओने याच्या मुलीचे लग्न आहे. बाहेर अंगणात वाजंत्री, नाच, जेवणावळी, आणि आत अंधाऱ्या खोलीत तो गाऱ्हाणी ऐकत बसला आहे. मुलीच्या लग्नाच्या दिवशी कोणाची विनंती नाकारावयाची नाही, असा सिसिलीचा रिवाज. प्रेतसंस्काराचा धंदा करणारा एक गृहस्थ येतो. त्याच्या मुलीवर दोन तरुणांनी हात टाकला, तिला मारून विद्रूप केले, आणि न्यायालयाने त्यांना शिक्षा सुनावून ती तहकूब केली. त्याला न्याय हवा आहे आणि तो किंमत विचारतो. डॉन पैसे घेत नाही. त्याला हवा असतो फक्त नमस्कार, आणि एक कबुली, की पुढे कधीतरी, कदाचित कधीच नाही, पण वेळ आलीच तर, मी तुला एक काम सांगेन. गृहस्थ हात चुंबतो आणि सौदा पुरा होतो.

हा प्रसंग मी पाहिला तेव्हा माझ्या मनात प्रथम आला तो आमच्या पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील ‘लग्नगडी’ हा शब्द. शहरातील श्रोत्यांस तो कदाचित परका असेल. डहाणू-उंबरगाव भागात वारल्याच्या पोराचे लग्न ठरले की खर्चाकरिता तो जमीनदाराकडे जात असे. जमीनदार पैसे देई. त्या पैशाच्या फेडीकरिता तो नवरा व त्याची बायको, दोघेही, त्या जमीनदाराच्या घरी व शेतावर राबत. कर्ज कधी फिटत नसे, कारण हिशेब धन्याच्या वहीत असे आणि वही वाचता येणारा धनीच असे. लग्नात धनी म्हणजे मायबाप, लग्नानंतर तोच मालक. या वेठीविरुद्ध १९४५ सालीच, म्हणजे बरोबर ज्या साली चित्रपटातील ते लग्न होते त्याच साली, वारली उठले. गोदावरी व शामराव परुळेकर हे त्यांचे पुढारी होते. उंबरगाव तालुक्यातील झरी येथे परिषद भरली आणि वेठ व लग्नगडी या दोन्ही प्रथा मोडावयाच्या असा निर्धार झाला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबारही केला. गोदावरीबाईंनी ही सारी हकीकत पुढे १९७० साली ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात लिहून ठेविली. आमचे जव्हार तेव्हा मुकणे घराण्याचे संस्थान होते आणि चळवळीचे केंद्र डोंगराच्या पलीकडे होते. पण उपकाराचे हे गणित अलीकडेही निराळे नव्हते, असे वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आहे.

गुन्हेगार टोळीचे मूळ केवळ तलवारीत वा पिस्तुलात नसते. ज्याला सरकारात न्याय मिळत नाही, सावकारीशिवाय पैसा मिळत नाही आणि आजारपणात गाडी मिळत नाही, त्याच्या गरजेत ते असते. सिसिलीतही हेच घडले होते. सरंजामशाही कायद्याने गेली, १८६० साली ते बेट इटलीच्या राज्यात सामील झाले, पण नव्या राज्याचा हात खेड्यापर्यंत पोहोचला नाही. मग लिंबांच्या बागांचे राखणदार आणि जमिनीचे मक्तेदार हेच रक्षण करू लागले, आणि रक्षणाचा मोबदला न देणाऱ्याला तेच लुटू लागले. त्यातून ‘माफिया’ उभा राहिला. गंमत अशी की, पहिल्या ‘गॉडफादर’ चित्रपटात हा शब्द एकदाही उच्चारलेला नाही. इटालियन-अमेरिकन लोकांच्या एका संघटनेने तसा आग्रह धरला होता आणि निर्मात्याने तो मान्य केला!

आता मोहाच्या झाडाकडे वळू.

मोहाची फुले वेचावी, वाळवावी, भाकरीत घालावी, आणि काहींची दारू गाळावी, हा आमच्या डोंगरातील जुना शिरस्ता. इंग्रज सरकारने १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा मक्ता आपल्या हाती घेतला, आणि १८९२ साली तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांकरिता खास मोहाच्या फुलांचाच कायदा केला. ज्या झाडाखाली पोर खेळे त्या झाडाची फुले घरात ठेवणे हा गुन्हा ठरला. दारूचे मी समर्थन करीत नाही. दारूने बुडालेली कुटुंबे मी वर्गातील रिकाम्या जागांवरून ओळखीत असे. पण एखादी वस्तू लोकांना हवी असते आणि कायदा तिला बंदी करितो, तेव्हा ती वस्तू नाहीशी होत नाही, तिचा व्यापारी मात्र बदलतो, ही गोष्ट इतिहासात वारंवार आढळते. अमेरिकेत १९२० ते १९३३ पर्यंत दारूबंदी होती. त्या तेरा वर्षांत शिकागोचा अल् कपोन हा जगप्रसिद्ध झाला, आणि अखेर १९३१ साली त्याला शिक्षा झाली ती खुनाबद्दल नव्हे, तर प्राप्तिकर बुडविल्याबद्दल.

मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि १९५० साली संपूर्ण बंदी अंमलात आली. हेतू उदात्त होता, मोरारजीभाई देसाई यांच्या निष्ठेविषयीही शंका नको. पण काळा गूळ व नवसागर यांची हातभट्टी खाडीकाठी, झोपडपट्टीत, रुळांच्या कडेला पेटली. रबरी ट्यूबांत भरलेला माल रातोरात हलू लागला. जवळच दमण होते आणि ते १९६१ च्या डिसेंबरापर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. तेथला माल मचव्यांतून आमच्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उतरे. हप्ता हा शब्द त्या काळी घरोघर पोहोचला. पुढे बंदी सैल झाली, परंतु ज्या माणसांनी तिच्यावर पैसा, माणसे आणि शिपायांची ओळख जोडली होती ती कोठे जाणार? त्यांनी दुसरा माल शोधला.

तो माल म्हणजे सोने. स्वातंत्र्यानंतर सोन्याच्या आयातीवर बंदी होती, १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १९६८ साली कायदा झाला. आपल्या देशात लग्नावाचून घर नाही आणि सोन्यावाचून लग्न नाही. देशातील व बाहेरील भावांत मोठी तफावत पडली आणि दुबईहून गलबते निघू लागली. दहा-दहा तोळ्यांची बिस्किटे जाकिटांच्या चोरकप्प्यांतून येत, परत जाताना चांदी जाई. या व्यापारात मस्तान मिर्झा ऊर्फ हाजी मस्तान याचे नाव झाले. तमिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यातून लहानपणी मुंबईस आलेला हा मुलगा गोदीत हमाल झाला आणि पुढे दमणच्या सुकूर नारायण बखिया याच्याशी भागीदारी करून तस्करीचा शेठ बनला. पांढरे कपडे, पांढरी मोटार. त्याने स्वतः कधी गोळी झाडली नाही, असे लोक कौतुकाने सांगतात. १९७४ साली तस्करीविरोधी कायदा झाला, पाठोपाठ आणीबाणी आली, त्यात तो तुरुंगात गेला. सुटल्यावर राजकारणात उतरला, आणि १९९४ साली वारला.

मी जुनी अकरावी १९७५ साली उत्तीर्ण झालो. निकालाची बक्षिसी म्हणून मामांनी नाशिकला ‘दीवार’ दाखविला. सलीम-जावेद यांची कथा, यश चोप्रा यांचे दिग्दर्शन, अमिताभ बच्चन हे नायक. गोदीतील हमाल हप्ता देण्याचे नाकारतो आणि हप्ता घेणाऱ्यांना एकटा बदडून काढतो. ही कथा मस्तानवरून सुचली असा सार्वत्रिक समज आहे. मी सतरा वर्षांचा होतो आणि चित्रगृहातून बाहेर पडताना माझ्या अंगात तो विजय संचारला होता, हे कबूल करितो. धाकटा भाऊ रवी प्रामाणिक पोलीस, त्याचे संवादही चांगले. पण रवी व्हावे असे त्या गर्दीतील एकालाही वाटत नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस वेठबिगार नाहीशी करणारा वटहुकूम निघाला. त्याची बातमी मी वाचल्याचेही मला स्मरत नाही.

त्याच १९७५ सालचा आणखी एक चित्रपट ‘धर्मात्मा’. फिरोज खान यांनी ‘गॉडफादर’ची कथा प्रथमच हिंदीत आणली ती यात. बापाची भूमिका प्रेमनाथ यांनी केली, आणि ती मटक्याचा राजा म्हणून गाजलेल्या रतन खत्री याच्यावर बेतलेली होती. मटक्याविषयी मात्र थोडे विस्ताराने बोलावयास हवे, कारण हा धंदा मुंबईहून आमच्या आठवड्याच्या बाजारापर्यंत आला.

न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडता व बंद होणारा भाव तारेने मुंबईस येत असे. त्या भावाच्या आकड्यांवर लोक पैज लावीत. कापसाशी कोणाला कर्तव्य नव्हते, आकडा तेवढा हवा. १९६१ साली ते भाव येणे बंद झाले, तेव्हा कच्छहून आलेल्या कल्याणजी भगत याने १९६२ साली वरळीला स्वतःचाच आकडा काढण्यास आरंभ केला. रतन खत्री याने १९६४ साली आपला निराळा आकडा सुरू केला. शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून एक काढावयाची, म्हणून नाव मटका. पुढे मडके गेले आणि पत्ते आले. तीन पाने काढावयाची, त्यांची बेरीज करावयाची, एकंस्थानचा अंक घ्यावयाचा. दोन, पाच, सहा निघाले तर बेरीज तेरा, म्हणून आकडा तीन. हा ‘ओपन’. रात्री तसाच ‘क्लोज’. गिरणीतला कामगार चार-आठ आण्यांनी तो खेळे आणि स्वप्नात साप दिसला तर कोणता आकडा लावावा याची शास्त्रे बनत.

माझा एक विद्यार्थी होता. नाव सांगत नाही. पाढे असे म्हणे की ऐकत राहावे, आणि तोंडी हिशेबात वर्गात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. मी त्याचे फार कौतुक करीत असे. सातवीनंतर त्याची शाळा सुटली. काही वर्षांनी बाजाराच्या दिवशी तो मला एका टपरीमागे कागदाचा गठ्ठा घेऊन बसलेला दिसला. तो आकडे घेत होता. मी त्याला बाजूस बोलावून हिशेब मांडून दाखविला. एका आकड्यास एका रुपयाचे नऊ मिळतात, आकडे मात्र दहा आहेत. म्हणजे रुपयामागे दहा पैसे नेहमी पेढीकडेच राहावयाचे, कोणीही कितीही शहाणा असो. तो शांतपणे म्हणाला, “गुरुजी, ते तुम्हीच शिकवलंत. लावणारा हरतो, घेणारा नाही. म्हणून तर मी घेणारा झालो.”

या उत्तरावर मजपाशी काही बोलणे नव्हते. पुढे त्याला पोलिसांनी धरले, थोडे दिवस आत राहून तो आला, नंतर भिवंडीकडे गोदामात कामाला लागला. त्याच्या आकड्यांचा जो धनी होता त्याला कोणी धरल्याचे मी ऐकले नाही.

तो धनी मला चांगला ठाऊक होता. एके वर्षी श्रावणात रात्री माझी पत्नी बाळंतपणात अडली. ओढे भरलेले, एस. टी. सकाळशिवाय नाही. गावात जीप एकट्या त्याच्याकडे. मी दार ठोठावले, त्याने स्वतः गाडी काढली, जव्हारपर्यंत नेले, पहाटेपर्यंत दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहिला. पैसे दिले ते घेतले नाहीत. आई व मूल दोघेही वाचली. दीड वर्षाने तो शाळेच्या व्हरांड्यात आला, चहा घेतला, आणि आपल्या एका पोऱ्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वय दोन वर्षांनी वाढवून हवे म्हणाला. गाडी चालविण्याच्या परवान्याकरिता. मी तो दाखला दिला नाही. पण श्रोतेहो, मी ‘नाही’ही म्हटले नाही. कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे आहे, असे निमित्त मी सांगितले. तो हसला आणि म्हणाला, “असू द्या गुरुजी, पुढं कधीतरी.”

वर सांगितलेला लग्नाचा प्रसंग मी पडद्यावर पाहिला तो यानंतर पुष्कळ वर्षांनी, भिवंडीहून आलेल्या त्याच विद्यार्थ्याच्या मोबाइलवर. प्रेतसंस्कार करणाऱ्या त्या गृहस्थाचे खाली वळलेले डोळे पाहून मी त्याला यंत्र बंद करावयास सांगितले. त्याला वाटले, मला चित्रपट आवडला नाही.

मुंबईकडे परत जाऊ. तमिळनाडूहूनच आलेला दुसरा एक इसम वरदराजन मुदलियार. बोरीबंदर स्थानकावर हमाली, मग हातभट्टीचे साम्राज्य, मग धारावी-माटुंग्यातील गरिबांचा ‘वरदाभाई’. माटुंगा स्थानकाजवळचा त्याचा गणपती प्रसिद्ध होता. पोलीस अधिकारी य. चं. पवार यांनी त्याचे अड्डे मोडले, तेव्हा तो मद्रासेस गेला आणि १९८८ च्या आरंभी तेथे वारला. त्याच्या चरित्राची छाया घेऊन मणिरत्नम् यांनी १९८७ साली तमिळ भाषेत ‘नायकन्’ काढला. कमल हासन यांचे काम अप्रतिम आहे. शेवटी नातू आजोबाला विचारतो, तुम्ही चांगले की वाईट? आणि म्हातारा उत्तर देतो की, मला माहीत नाही. ‘गॉडफादर’ची छाया घेतलेल्या चित्रपटांपैकी प्रामाणिकपणात मी यास पहिला क्रमांक देईन. ‘दयावान’ ही त्याची हिंदी आवृत्ती पुढच्या वर्षी आली. नावातच त्या नातवाच्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकिल्यावर बाकी काय राहिले?

१९८२ सालचा जानेवारी महिना मराठी माणसाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. ११ जानेवारीस वडाळ्याला आंबेडकर महाविद्यालयाजवळ मन्या सुर्वे हा पदवीधर गुंड पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. मुंबईच्या पोलिसांची पहिली गाजलेली ‘चकमक’ ती हीच. आणि बरोबर एका आठवड्याने, १८ जानेवारीस, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. भोंगे थांबले, चाळीतील भांडी विकली गेली, आणि ज्यांनी बापाच्या जागी ‘बदली’ म्हणून लागावयाचे ती पोरे नाक्यावर उभी राहिली. टोळ्यांना माणसे पाहिजेच होती. लालबाग, परळ, भायखळा या वस्त्यांची नावे वर्तमानपत्रांच्या गुन्हेवृत्तांत येऊ लागली. आमच्या डोंगरातून पावसाळ्यानंतर वीटभट्टीवर जाणारी माणसे आणि ती नाक्यावरची मुले यांत फरक एवढाच, की आमच्या माणसांना अंगमेहनतीचे काम तरी होते.

१९९० साली सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. सोन्यातील चोरटा नफा आटला तसा टोळ्यांचा भर खंडणी, जमिनी आणि सुपारी यांवर वाढला. पोलीस हवालदाराचा मुलगा असलेला दाऊद इब्राहिम १९८० नंतरच्या दशकातच दुबईस पळाला होता. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत जे बाँबस्फोट झाले त्यांत २५७ माणसे मेली. पांढऱ्या कपड्यांतील शेठविषयीचे सारे गोड समज त्या दुपारी संपावयास हवे होते. १९९७ साली गुलशनकुमार यांचा भर दिवसा खून झाला. १९९८ साली सरकारने चित्रपटधंद्यास उद्योगाचा दर्जा देण्याचे जाहीर केले, म्हणजे निर्मात्यास पेढीचे कर्ज मिळावे आणि टोळीच्या पैशाची गरज राहू नये. १९९९ साली महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीविरुद्ध ‘मोक्का’ हा कायदा केला.

पण याच काळात या विषयावरचे सर्वांत जिवंत बोलपट निघाले, हे आश्चर्य आहे. ‘सत्या’ १९९८ सालचा. त्यातील भिकू म्हात्रे हा मराठी गुंड मनोज बाजपेयी यांनी असा उभा केला की तो चाळीतला शेजारी वाटावा. पाठोपाठ १९९९ साली महेश मांजरेकर यांचा ‘वास्तव’ आला. पावभाजीची गाडी टाकणारा रघू हातून खून होऊन टोळीत शिरतो, आणि शेवटी त्याची आईच, रीमा लागू, त्याला गोळी घालते.

या आईविषयी मला काही सांगावयाचे आहे. १९५७ च्या ‘मदर इंडिया’त डाकू झालेल्या मुलास आईच मारिते. ‘दीवार’मध्ये आई थोरल्याच्या बंगल्यातून निघून धाकट्याकडे जाते. ‘वास्तव’मध्ये ती पिस्तूल उचलते. अमेरिकन मालिकेत असे घडत नाही. तेथे डॉनची बायको स्वयंपाक करिते, चर्चमध्ये जाते आणि विचारीत नाही. धाकट्या मायकेलची बायको विचारते, तर तिच्या तोंडावर दार लावले जाते. त्या घरात निवाडा करणारे कोणी नाही, म्हणून निवाडा काळ करितो. तिसऱ्या भागात मायकेलची मुलगी नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर त्याच्यासाठी आलेली गोळी खाऊन मरते. आमच्या बोलपटांनी गुंडाचे पुष्कळ लाड केले, परंतु न्यायासन आईला दिले, ही गोष्ट मला त्यांच्या बाजूची वाटते.

मात्र हे आसनही पुढे डळमळले. रामगोपाल वर्मा यांनी ‘सत्या’नंतर २००२ साली ‘कंपनी’ काढला, आणि २००५ साली ‘सरकार’. ‘सरकार’ ही ‘गॉडफादर’ला वाहिलेली आदरांजली आहे, असे त्यांनी उघड सांगितले. सुभाष नागरे हा मराठी पुढारी, त्याच्या गच्चीखाली जमलेली गर्दी, आणि मुलीवर अत्याचार झाला म्हणून न्याय मागावयास आलेला बाप. तीच अंधारी खोली, फक्त कपाळी टिळा व गळ्यात रुद्राक्ष. त्याचे पुढील भाग २००८ व २०१७ साली निघाले. मराठीतही ‘दगडी चाळ’ २०१५ साली व त्याचा दुसरा भाग २०२२ साली आला. भायखळ्याच्या त्या चाळीतील अरुण गवळी २००४ साली आमदार झाला होता आणि २०१२ साली एका नगरसेवकाच्या खुनाबद्दल त्यास जन्मठेप झाली, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. त्या नगरसेवकाच्या घराविषयी मात्र कोणी बोलपट काढलेला नाही.

माझी तक्रार येथेच आहे. या चित्रांत गोळी झाडणारा दिसतो, गोळी खाणाराही क्षणभर दिसतो, परंतु आठवड्याचा हप्ता देऊन गप्प बसणारा दुकानदार, आकड्यावर पगार लावून घरी रिकाम्या हाताने येणारा बाप, आणि कपाटाच्या किल्लीचे निमित्त सांगणारा मास्तर, हे पडद्याबाहेर राहतात. वास्तविक डॉनचे राज्य उभे असते ते याच माणसांवर.

ज्याची जीप त्या रात्री माझ्या दारी आली होती तो गृहस्थ काही वर्षांपूर्वी वारला. दहाव्यास मी गेलो. माणसे पुष्कळ जमली होती, आणि रडणारी माणसे खरी रडत होती, हेही सांगितले पाहिजे. त्याच्या थोरल्या मुलाने माझा हात धरून मला बाजूस नेले आणि म्हणाला, “आबा नेहमी म्हणायचे, गुरुजींचं एक काम राहिलंय.”

त्याने मजकडे करावयाचे की मी त्याच्याकडे, हे मी विचारले नाही. पान घेतले आणि घरी आलो.